कळशीचे तोंड आणि चित्रकाराचा डोळा

कळशीचे तोंड गोल असते. तिच्यात पाणी भरणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. पण टेबलावर ठेवलेल्या कळशीचे चित्र काढताना तिचे तोंड कंपासने नीट वर्तुळाकार काढले, तर कळशी आपल्याकडे कलंडल्यासारखी दिसते. ते तोंड चपटे, म्हणजे लंबवर्तुळाकार काढले की कळशी टेबलावर नीट उभी राहते. खरा आकार काढला की चित्र खोटे दिसते आणि खोटा आकार काढला की चित्र खरे दिसते! हे असे का होते?

महाराष्ट्रातील शाळांमधून कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षांना जी मुले-मुली बसतात, त्यांची या प्रश्नाशी समोरासमोर गाठ पडते. एलिमेंटरीला वस्तुचित्राचा कागद असतो, इंटरमीजिएटला स्थिरचित्राचा. कळशी, पेला, एखादे फळ, मागे सोडलेले कापड अशी मांडणी समोर असते. याच परीक्षांत भूमितीचाही कागद असतो आणि इंटरमीजिएटला त्यात घनभूमितीही येते. तेथे शंकू, दंडगोल, लोलक यांचे समोरून व वरून दिसणारे देखावे काढायचे असतात. बहुतेक विद्यार्थी या दोन कागदांना दोन वेगळी गावे समजतात. एकात रंग आणि हाताची सफाई, दुसऱ्यात पट्टी आणि कंपास. प्रत्यक्षात दोन्ही कागदांत प्रश्न एकच विचारलेला असतो : लांबी, रुंदी आणि उंची असलेली वस्तू केवळ लांबी व रुंदी असलेल्या कागदावर कशी उतरवावी? आणि विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रकलेत जी मोठी उलथापालथ झाली, ती याच प्रश्नावरून, बाटल्या, पेले आणि फळे ठेवलेल्या साध्या टेबलावर झाली.

काचेवरचे चित्र

प्रथम नेहमीच्या रीतीने काढलेल्या चित्राचा विचार करू. खिडकीच्या बंद काचेसमोर बसा. एक डोळा मिटा, डोके हलवू नका आणि काचेपलीकडच्या वस्तूची बाह्यरेषा काचेवर खडूने गिरवा. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाशकिरण सरळ रेषेत डोळ्याकडे येतो. वाटेत तो काचेला जेथे छेदतो तेथे त्या बिंदूचे चित्र उमटते. यालाच यथादर्शन म्हणतात. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ साली प्रसिद्ध केलेल्या भूमितीच्या पुस्तकात एक चित्र आहे. त्यात भिंतीवरील कडीतून ओवलेला दोरा टेबलावरच्या वाद्याच्या एकेका बिंदूला लावून, तो दोरा मधल्या चौकटीला कोठे छेदतो याची नोंद घेणारी दोन माणसे दाखविली आहेत. येथे दोरा म्हणजे प्रकाशकिरण, भिंतीवरील कडी म्हणजे डोळा आणि चौकट म्हणजे आपली काच.

आता थोडे गणित करू. त्यासाठी समरूप त्रिकोणांपलीकडे काही लागत नाही. समजा, काच उभी आहे व डोळ्यापासून ५० सेंटिमीटरवर आहे. टेबलावर २० सेंटिमीटर व्यासाचा व ३० सेंटिमीटर उंचीचा डबा ठेवला आहे. त्याचा मध्य डोळ्यापासून आडव्या अंतराने १०० सेंटिमीटरवर आहे आणि त्याचे तोंड डोळ्याच्या पातळीच्या ४० सेंटिमीटर खाली आहे. तोंडाची आपल्याजवळची कड ९० सेंटिमीटरवर आणि पलीकडची कड ११० सेंटिमीटरवर येईल. काचेवर जवळची कड दृष्टिपातळीच्या किती खाली उमटेल? ४० ला ५० ने गुणून ९० ने भागा. उत्तर सुमारे २२.२ सेंटिमीटर. पलीकडची कड? ४० गुणिले ५० भागिले ११०, म्हणजे सुमारे १८.२ सेंटिमीटर. म्हणजे काचेवर तोंडाची उंची ४ सेंटिमीटर झाली. रुंदी मात्र सुमारे १० सेंटिमीटर येते. वर्तुळ चेपले जाऊन त्याची उंची रुंदीच्या ०.४ पट उरली.

हा ०.४ कोठून आला? डोळा तोंडाच्या ४० सेंटिमीटर वर आणि अंतर १०० सेंटिमीटर. ४० भागिले १००. नियम इतका सोपा आहे. वस्तू आपल्यापासून पुरेशी दूर असेल, तर लंबवर्तुळाची उंची भागिले रुंदी हे गुणोत्तर, म्हणजे डोळ्याची त्या वर्तुळावरील उंची भागिले डोळ्यापासूनचे आडवे अंतर. सोयीसाठी या गुणोत्तराला आपण लंबवर्तुळाची 'फुगवट' म्हणू.

आता डब्याचा तळ पाहा. तो डोळ्याखाली ४० अधिक ३०, म्हणजे ७० सेंटिमीटरवर आहे. अंतर तेच. म्हणून त्याची फुगवट ०.७. तोंड १० सेंटिमीटर रुंद व ४ सेंटिमीटर उंच, तर तळाचे लंबवर्तुळ १० सेंटिमीटर रुंद व ७ सेंटिमीटर उंच! तळाचा मागचा भाग डब्याआड लपतो, पण पुढची कड याच लंबवर्तुळाचा भाग असते. डब्याचे तोंड सुबक लंबवर्तुळाकार काढून तळ मात्र पट्टीने सरळ ओढणारे विद्यार्थी पुष्कळ आढळतात. टेबल सपाट आहे, तेव्हा तळही सपाट दिसला पाहिजे, असे त्यांचे मन त्यांना सांगते. तळाची कड तोंडाच्या कडेपेक्षा अधिक वाकलेली असते, हे त्यांना भूमिती सांगते. आणि डोळा खाली आणत आणत तोंडाच्या पातळीला आणला, तर उंची शून्य होऊन तोंड एका सरळ रेषेत मिटते.

शिक्षकांसाठी येथे एक सूचना. वर्गात हात ताठ करून पेन्सिलीने माप घेताना पेन्सिल बहुधा नजरेच्या रेषेला काटकोनात धरली जाते, काचेप्रमाणे उभी नसते. अशा वेळी डब्याच्या तोंडाची फुगवट ०.४ ऐवजी सुमारे ०.३७ येते आणि तळाची ०.७ ऐवजी सुमारे ०.५७. दोन्ही मापे आपापल्या जागी बरोबर आहेत; फरक फक्त काच कशी धरली याचा आहे. मात्र एका चित्रात एकच रीत पाळावी.

परातीचे कोडे

याच गणितातून एक गमतीची गोष्ट निघते. टेबलावर ५० सेंटिमीटर व्यासाची परात ठेवा. डोळा तिच्या काठाच्या ४० सेंटिमीटर वर, मध्याचे अंतर १०० सेंटिमीटर, काच ५० सेंटिमीटरवर. परातीची जवळची कड ७५ सेंटिमीटरवर व दूरची १२५ सेंटिमीटरवर आहे. काचेवर या कडा दृष्टिपातळीच्या अनुक्रमे २६.७ व १६ सेंटिमीटर खाली उमटतात आणि वर्तुळाचा मध्य बरोबर २० सेंटिमीटर खाली. म्हणजे मध्यापासून जवळचा अर्धा भाग ६.७ सेंटिमीटर व दूरचा अर्धा भाग फक्त ४ सेंटिमीटर. मग चित्रातली परात अंड्यासारखी, खाली फुगीर व वर निमुळती दिसायला हवी की नाही?

नाही. काचेवर उमटणारी आकृती हे अगदी काटेकोर, दोन्ही बाजूंनी समान असे लंबवर्तुळच असते. कारण डोळ्यापासून परातीच्या काठापर्यंत जाणारे सर्व किरण मिळून एक शंकू होतो, आणि शंकूला असा आरपार छेद दिला की लंबवर्तुळच मिळते. मग घोटाळा कोठे आहे? घोटाळा 'मध्य' या शब्दात आहे. परातीच्या मध्याचे चित्र आणि लंबवर्तुळाचा मध्य हे दोन निराळे बिंदू आहेत. लंबवर्तुळाचा मध्य दृष्टिपातळीच्या २१.३ सेंटिमीटर खाली आहे, तर परातीचा मध्य २० सेंटिमीटर खाली. परातीच्या बरोबर मध्यावर लिंबू ठेवले, तर चित्रात ते लंबवर्तुळाच्या मध्याच्या किंचित वर काढावे लागेल.

चित्रातला डोळा शोधा

आतापर्यंत आपण डोळा कोठे आहे ते ठरवून चित्र काढले. आता उलट करू. चित्र समोर आहे, चित्रकार निघून गेला आहे. त्याचा डोळा कोठे होता?

फुगवट म्हणजे उंची भागिले अंतर, हे आपण पाहिले. आता काचेवर ते वर्तुळ दृष्टिपातळीच्या किती खाली उमटते? उंची भागिले अंतर, गुणिले काचेचे अंतर. दोन्ही सूत्रांत 'उंची भागिले अंतर' हाच भाग आहे. म्हणजे वस्तू जवळ असो की दूर, लहान असो की मोठी, चित्रातल्या प्रत्येक आडव्या वर्तुळाची फुगवट ही ते वर्तुळ चित्रात दृष्टिरेषेच्या किती खाली आहे, याच्या सम प्रमाणात असते. आलेख कागदावर फुगवट एका अक्षावर व चित्रातील उभे स्थान दुसऱ्या अक्षावर घेतले, तर पेल्याचे तोंड, कळशीचा गळा, डब्याचा तळ, ताटलीचा काठ हे सगळे बिंदू एकाच सरळ रेषेवर यायला हवेत. ती रेषा जेथे फुगवट शून्य होते तेथे पोचते, ती चित्रकाराच्या डोळ्याची पातळी. एवढेच नव्हे, तर रेषेच्या चढावरून काचेचे अंतरही कळते. आपल्या डब्यात काचेवरच्या दर सेंटिमीटरला फुगवट ०.०२ ने वाढते. १ भागिले ०.०२ म्हणजे ५०, आणि काच ५० सेंटिमीटरवरच होती.

हे आपल्या हाती आलेले एक उपकरणच आहे. कोणतेही स्थिरचित्र घ्या, त्यातील लंबवर्तुळे पट्टीने मोजा आणि आलेख काढा. बिंदू एका रेषेवर आले, तर चित्रकाराने एका जागी बसून, एका डोळ्याने पाहिल्यासारखे चित्र काढले आहे. नाही आले, तर एक तर त्याचा हात चुकला किंवा त्याने मुद्दाम काहीतरी वेगळे केले.

मुद्दाम नियम मोडणे ही गोष्ट नवीन नाही. टेबलाच्या कडेला ठेवलेले मोसंबे काचेच्या नियमाने काढायचे तर ते वर्तुळ न येता थोडे लांबट येते. नजरेच्या मध्यरेषेपासून ३० अंश बाजूला असलेला लहान चेंडू काचेवर सुमारे १५ टक्के लांबट उमटतो. तरीही चित्रकार चेंडू गोलच काढतात. इटालियन चित्रकार राफाएल याने सोळाव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये रंगविलेल्या 'अथेन्सची पाठशाळा' या प्रसिद्ध भित्तिचित्रात उजव्या कडेला दोन गोल आहेत. इमारत यथादर्शनाच्या नियमाने बांधेसूद काढणाऱ्या राफाएलने हे दोन्ही गोल मात्र वर्तुळाकारच ठेवले. लांबट चेंडू पाहणाऱ्याला चेंडू वाटणार नाही, हे तो जाणून होता.

सेझानचे टेबल

आता पॉल सेझान या फ्रेंच चित्रकाराकडे वळू. तो १८३९ मध्ये दक्षिण फ्रान्समधील एक्स गावी जन्मला व १९०६ मध्ये तेथेच वारला. सफरचंदे, बरण्या, बाटल्या व टेबलावरची चुरगळलेली चादर यांची चित्रे त्याने आयुष्यभर काढली. त्याच्या 'सफरचंदांची टोपली' या १८९३ च्या सुमाराच्या चित्रात टेबलाची पुढची कड चादरीच्या एका बाजूला ज्या पातळीवर आत जाते, त्या पातळीवर दुसऱ्या बाजूने बाहेर येत नाही. बाटलीही एका अंगाला झुकलेली आहे. पॅरिसमधील 'स्वयंपाकघरातील टेबल' या १८८८ ते १८९० च्या चित्रात तर आल्याची बरणी व टोपलीचा वरचा भाग अधिक उंचावरून पाहिल्यासारखा आहे, आणि शेजारची लहान भांडी व टोपलीची पुढची बाजू त्याहून खालच्या पातळीवरून पाहिल्यासारखी. अर्ल लोरॅन या अमेरिकन चित्रकाराने १९४३ च्या आपल्या पुस्तकात आकृत्या काढून हे दाखविले. आपल्या आलेखावर या चित्रातील बिंदू एका रेषेवर येणार नाहीत. म्हणजे या एका चित्रात एकाहून अधिक डोळे आहेत.

मग सेझानला चित्र काढता येत नव्हते काय? थोडा विचार करा. काचेचा नियम एका स्थिर डोळ्याचा आहे. आपण टेबलाकडे तसे पाहतो काय? आपल्याला सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतरावर दोन डोळे आहेत. डोळ्याच्या पडद्याचा फक्त लहानसा मधला भाग बारकावे टिपतो. त्याचा आवाका जेमतेम दोन अंश असतो. म्हणून डोळा सेकंदाला साधारण तीन वेळा उडी मारतो : बरणीच्या तोंडाकडे, मग सफरचंदाकडे, मग टेबलाच्या कडेकडे. मधूनच आपण मान उचलून बरणीत डोकावतो. 'मी टेबल पाहिले' असे आपण म्हणतो तेव्हा मेंदूने असे अनेक कटाक्ष जोडलेले असतात. सेझानने वस्तूंसमोर दीर्घकाळ बसून हे कटाक्ष वेगवेगळे ठेवले व एकाच कापडावर मांडले, असे त्याच्या चित्रांकडे पाहून म्हणता येते.

त्याने दुसरीही एक गोष्ट केली. एमिल बेर्नार या तरुण चित्रकाराला १५ एप्रिल १९०४ रोजी लिहिलेल्या पत्रात त्याने सल्ला दिला, की निसर्गाकडे दंडगोल, गोल व शंकू यांच्या रूपाने पाहावे. पुढे अनेक लेखकांनी या यादीत 'घन' आपल्या पदरचा घातला. पत्रात तो नाही. ही तिन्ही रूपे फिरवून तयार होणारी आहेत, हे लक्षात घ्या. आयत एका बाजूभोवती फिरवला की दंडगोल, काटकोन त्रिकोण फिरवला की शंकू, अर्धवर्तुळ फिरवले की गोल. कुंभाराच्या चाकावर होते तेही हेच. कळशी म्हणजे तरी काय? खाली गोलाचा मोठा भाग, वर दंडगोलाचा आखूड गळा आणि त्यावर बाहेर उमलणारा शंकूचा तुकडा.

सोडून देण्याची विद्या

कळशीतून असे गोल, दंडगोल आणि शंकू वेगळे काढताना आपण काय केले? तिची चकाकी, पोचे, ठोक्यांच्या खुणा, पाण्याचा थंडपणा हे सारे सोडून दिले व आकार तेवढा ठेवला. यालाच अमूर्तीकरण म्हणतात. शब्द जड आहे, पण पदार्थविज्ञानाच्या तासाला तुम्ही हे रोज करता. पाच मीटर उंचीच्या फांदीवरून हापूस आंबा सुटला, तर तो जमिनीवर किती वेळाने पडेल? आपण सूत्र वापरून सुमारे एक सेकंद असे उत्तर काढतो. त्या गणितात आंब्याचा रंग नाही, वास नाही, देठ नाही, हवेचा विरोधही नाही. आंबा एक बिंदू झाला आहे. रत्नागिरीच्या माणसाला हापूसचा बिंदू झालेला कितीही खटकला तरी उत्तर बरोबर येते, कारण जे सोडले त्याचा या प्रश्नाशी जवळजवळ संबंध नव्हता. आंबा पिकला की नाही हे ठरवायचे असते, तर हाच बिंदू निरुपयोगी ठरला असता व वास महत्त्वाचा. काय ठेवायचे व काय सोडायचे, हे प्रश्नावर ठरते.

डोळा अनंत अंतरावर नेला तर?

घनभूमितीत आपण नेमके हेच करतो. गास्पार माँज या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकात ही पद्धत बसविली. किल्ल्यांच्या बांधणीसाठी तिचा उपयोग होत असल्याने सुरुवातीला ती लष्करी गुपित म्हणून राखली गेली. १७९५ मध्ये माँजने पॅरिसमध्ये ती उघडपणे शिकविली. या पद्धतीत किरण एका डोळ्याशी एकत्र येत नाहीत. ते परस्परांना समांतर असतात. जणू डोळा अनंत अंतरावर नेला आहे. त्यामुळे दूरची वस्तू लहान होत नाही. आपल्या डब्याचा समोरचा देखावा म्हणजे २० बाय ३० सेंटिमीटरचा आयत. वरचा देखावा म्हणजे २० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ. लंबवर्तुळाचे नाव नाही. सुतार किंवा पत्र्याचे काम करणारा कारागीर यावरून मापे घेऊन डबा बनवू शकतो. सुंदर स्थिरचित्रावरून त्याला तो बनवता येणार नाही. पण नुसता आयत पाहून डबा गोल की चौकोनी हे कळत नाही, म्हणून दोन्ही देखावे लागतात. यथादर्शनात दिसणे राहते व मापे जातात. घनभूमितीत मापे राहतात व दिसणे जाते. दोन्ही कागदांत काहीतरी सोडावेच लागते. तीन मिती दोन मितींत बसविण्याची ती किंमत आहे.

आता हे दोन देखावे वेगवेगळे न ठेवता एकाच चित्रात एकमेकांवर ठेवले तर? पेल्याचे अंग समोरून आणि तोंड वरून, म्हणजे पूर्ण गोल! पॅरिसमध्ये पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक यांनी १९०८ नंतर आपल्या बाटल्या, पेले व वाद्ये यांच्या चित्रांत असेच काहीसे सुरू केले. ब्राकने सगळ्याचे घन केले आहेत, अशा अर्थाचे एका टीकाकाराने १९०८ मध्ये लिहिले आणि त्यातून 'घनवाद' हे नाव रूढ झाले. त्यांच्यानंतर आलेला ह्वान ग्रीस हा स्पॅनिश चित्रकार माद्रिदमध्ये यांत्रिक रेखाटन शिकलेला होता. त्याच्या स्थिरचित्रांत पट्टीकंपासाचा नेमकेपणा दिसतो. सेझान बाटलीपासून दंडगोलाकडे जातो, आपण दंडगोलापासून निघून बाटली घडवितो, अशा आशयाचे विधान त्याने १९२१ मध्ये केले होते. पहिली वाट निरीक्षणाकडून सूत्राकडे जाते, दुसरी सूत्राकडून वस्तूकडे. विज्ञानाला या दोन्ही वाटा ओळखीच्या आहेत.

लहान मूल पेला काढते तेव्हा त्याचे तोंड पूर्ण गोल आणि तळ सपाट काढते. आपण हसतो. पण मूल आपल्याला माहीत असलेल्या दोन खऱ्या गोष्टी सांगत असते : तोंड गोल आहे आणि टेबल सपाट आहे. मूल हे नकळत करते. घनवाद्यांनी यथादर्शन येत असताना जाणूनबुजून केले, एवढाच फरक.

मुंबईपासून मुरुडपर्यंत

हे वारे मुंबईतही पोचले. १८५७ साली स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेत वस्तू जशी दिसते तशी काढण्याचे शिक्षण पक्के दिले जात असे. १९४७ मध्ये सहा तरुणांनी मिळून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला : गोव्यातील साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे.

यांपैकी आरा स्थिरचित्रांसाठी विशेष ओळखले गेले. त्यांचा जन्म १९१४ चा, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. लहानपणीच ते मुंबईस आले. घरगडी म्हणून, मोटारी धुण्याचे काम करून त्यांनी पोट भरले. फुलदाण्या, भांडी, फळे हे त्यांचे आवडते विषय. सेझानच्या चित्रांशी त्यांच्या स्थिरचित्रांचे नाते समीक्षकांनी वेळोवेळी दाखविले आहे. १९८५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. सोझांनीही जाड काळ्या रेषांनी बांधलेली भांड्याकुंड्यांची चित्रे काढली. त्यांत चर्चमधील पूजापात्रे वारंवार येतात. गाडे हे विज्ञानाचे पदवीधर. घरे व टेकड्या यांचे भौमितिक आकारांत रूपांतर करणारी निसर्गदृश्ये त्यांनी रंगविली.

आणि बाकरे? १९२० मध्ये बडोद्यास जन्मलेले हे गटातील एकमेव शिल्पकार. ते १९५१ मध्ये इंग्लंडला गेले व तेथे चित्रकलेकडेही वळले. त्यांच्या तेथील चित्रांत टोकदार, कोनाकोनांचे आकार एकमेकांत घुसलेले दिसतात. शिल्पकाराला आपल्या कामाभोवती फिरूनच पाहावे लागते. एका डोळ्याची काच त्याला पुरत नाही. १९७५ मध्ये ते परत आले आणि मुंबईत न राहता आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील मुरुड-हर्णै येथे स्थायिक झाले. २००७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. तीन दशकांहून अधिक काळ आधुनिक भारतीय कलेच्या इतिहासातला हा माणूस आपल्या किनाऱ्यावर राहत होता, हे जिल्ह्यातील फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते.

करून पाहा

टेबलावर वेगवेगळ्या उंचीची चार गोल भांडी ठेवा : ताटली, वाटी, पेला आणि डबा. मोबाइल दोन मीटर अंतरावर, भांड्यांपेक्षा उंच, पण अगदी सरळ उभा धरून छायाचित्र घ्या. मोबाइल पुढे झुकू देऊ नका, कारण तोच तुमची काच आहे. छायाचित्र कागदावर छापून घ्या किंवा पडद्यावर मोठे करा. प्रत्येक लंबवर्तुळाची रुंदी व उंची मोजा, फुगवट काढा आणि त्याचा मध्य चित्राच्या खालच्या कडेपासून किती वर आहे हे टिपा. आलेख कागदावर बिंदू मांडा. मापे काळजीपूर्वक घेतली असतील, तर ते जवळजवळ एका रेषेवर येतील. रेषा वाढवून फुगवट शून्य कोठे होते ते पाहा आणि ती पातळी मोबाइलच्या भिंगाच्या प्रत्यक्ष उंचीशी जुळते का, ते ताडून पाहा.

मग त्याच मांडणीचे स्वतः चित्र काढा आणि त्याचाही आलेख करा. कोणता बिंदू रेषेबाहेर गेला, ते लगेच कळेल. बहुधा तो एखाद्या भांड्याचा तळ असेल. शेवटी सेझानच्या एखाद्या स्थिरचित्राची छापील प्रत घेऊन तिच्यावर हेच करा आणि त्यात किती डोळे सापडतात ते मोजा.

परीक्षेच्या कागदावर एकच डोळा ठेवावा, हे बरे. कारण तेथे प्रश्नच तसा विचारलेला असतो. परीक्षा संपल्यावर त्याच कळशीभोवती एकदा फिरून या. वरून डोकावून पाहा, खाली बसून पाहा आणि प्रत्येक जागेवरून तिचे तोंड कसे दिसते ते एकाच कागदावर शेजारी शेजारी काढत जा. सरळ रेषेपासून पूर्ण वर्तुळापर्यंतची सगळी लंबवर्तुळे त्या कागदावर उतरतील, आणि त्यांपैकी प्रत्येक त्याच कळशीचे असेल.